बाणस्तारीच्या पुलाखालून

बाणस्तारीचा पूल आपण आजवर किती वेळा ओलांडला असेल, याचा हिशेब मी एकदा बस ट्रॅफिकात अडकलेली असताना केला होता. माशेल ते पणजी, दिवसाला दोन खेपा, वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस, चोवीस वर्षे. बारा हजार वेळा. त्यातल्या निदान अर्ध्या वेळा मी खिडकीतून खाली पाहिले असेन. खाली पाणी असायचे, कडेला हिरवे काहीतरी असायचे, कधी एखादी होडी. तेवढ्यात खोर्ली यायची आणि मी डोळे मिटून घ्यायची.

बारा हजार वेळा वरून गेले आणि खालून एकदाही नाही. हे लक्षात आणून दिले ते भाचीने, तेही इंग्लंडात बसून. गेल्या उन्हाळ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला तो एका बोटीच्या स्वयंपाकघरातून. नॅरोबोट म्हणतात तिला. लांबी साठ फूट आणि रुंदी सात फुटांच्याही आत, म्हणजे आमच्या माजघराच्या पडवीसारखी. एवढी अरुंद का, तर तिथल्या जुन्या कालव्यांवर बोटी एका पातळीवरून दुसरीवर चढवायला-उतरवायला जी लॉक, म्हणजे दोन्हीकडे दारे लावलेले पाण्याचे हौद, बांधली आहेत तीच सात फुटांची. बोट त्यात मावली पाहिजे. पूर्वी या बोटींतून कोळसा जायचा आणि काठावरून घोडा त्या ओढायचा. आता लोक आठवड्याने भाड्याने घेतात आणि ताशी चार मैलांच्या वर न जाता फिरतात. "मावशी, कुत्रा फिरवायला निघालेली एक आजी आत्ताच आम्हाला मागे टाकून गेली," ती हसत सांगत होती. मग म्हणाली, "तुमच्याकडे पण आहे ना गं कालवा? कुंभारजुव्याचा?"

आहे, त्यात मगरी आहेत, असे माझ्या नवऱ्याने मागून ओरडून सांगितले.

तर जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही गेलो. होडी कुंभारजुव्यातल्या एका भाऊंची. साठी उलटलेली, बारीक अंगकाठी, डोक्याला टॉवेल. हे भाऊ पूर्वी बार्जवर खलाशी होते. खनिजाची भरभराट होती तेव्हा पावसाळ्यात मांडवीचे तोंड खवळले की बार्ज या कालव्यातून जुवारीत उतरायचे आणि तिथून मुरगाव बंदर गाठायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. भाऊ तोवर कंटाळून होडीवर आले होते. बार्ज सुटल्याचे दुःख त्यांच्या बोलण्यात मला कुठे दिसले नाही. बार्जवरचा स्वयंपाकी मात्र त्यांना अजून आठवतो.

निघायची वेळ त्यांनीच ठरवली. मी नऊ म्हटले होते. ते म्हणाले पावणेसात. का, तर अष्टमी आहे, भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, पहाटे पाचला भरती संपून ओहोटी लागलेली असेल. नवऱ्याने विचारले की इंजिन असताना ओहोटीशी आपल्याला काय देणेघेणे. भाऊंनी इंजिनाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पात्रांव, उदक आमचें आयकना. आमी उदकाचें आयकुपाचें."

हे वाक्य दुपारपर्यंत आमच्या चांगलेच अंगावर येणार होते.

सामानात मी एक मोठा स्टीलचा डबा घेतला होता. त्यात पेज. दुसऱ्या छोट्या डब्यात भाजलेला सुका बांगडा, वर ओले खोबरे आणि कांदा कुस्करून. बाटलीत मिसकूट, म्हणजे आमचे कैरीचे लोणचे. नवऱ्याला वाटत होते की पिकनिकला जाताना सँडविच वगैरे न्यावे. मी म्हटले, कोणत्या होडीत बसून कुणी सँडविच खाल्लेय?

आधी आम्ही उत्तरेला गेलो, मांडवीच्या तोंडापर्यंत. पाणी तिकडेच ओढत होते, त्यामुळे इंजिन नुसते गुणगुणत होते. धुके पूर्ण विरले नव्हते. डावीकडे गवंडाळी, उजवीकडे कुंभारजुवे, दोन्हीकडची माडांची रांग पाण्यात उलटी. गणपतीत सातव्या दिवशी इथेच सांगोड होतो. दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर माटव उभारतात, पुराणातली सोंगे घेतलेली माणसे त्यावर उभी असतात आणि अख्खे गाव काठावर. लहानपणी मी तो आजोबांच्या खांद्यावरून पाहिला आहे. त्या दिवशी पाणी दिसतच नाही, नुसती माणसे दिसतात. आज माणूस नव्हता. एक पाणकावळा खुंटावर पंख पसरून वाळत बसला होता, दोरीवर शर्ट घातल्यासारखा.

पुढे मांडवीचे पाणी एकदम रुंद होते आणि समोर जुवे दिसते. कागदोपत्री सांत इस्तेव्ह. आमच्या घरात जुवे म्हणजे भेंडे, सात शिरांचे, वीतभर लांब आणि तरी कोवळे. पण शाळेत असताना मला जुवे माहीत होते ते संभाजी महाराजांमुळे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठ्यांनी हे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन आला आणि मार खाऊन, कसाबसा होडीत चढून परत पळाला. पुढे त्याने जुन्या गोव्यात सेंट झेवियरची शवपेटी उघडवून स्वतःचा अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. हा धडा मी बाकावर बसून पाठ केला होता. पण मराठे ओहोटी पाहून पाण्यातून चालत गेले, हे वाचताना मला कधी खरे वाटले नव्हते. एवढ्या पाण्यातून चालत? त्या सकाळी भाऊंनी वल्हे उभे करून पाण्यात खुपसले आणि ते छातीएवढ्या खोलीवरच चिखलात रुतले. तेव्हा म्हटले, बरे, चालत.

तिथून वळलो आणि परत दक्षिणेला लागलो. आता पाणी विरुद्ध, इंजिन ओरडायला लागले आणि गप्पा बंद.

या पाण्याला कालवा म्हणायचे की नदी, हा एक गमतीचा प्रश्न आहे. तो कुणी खणलेला नाही. मांडवी आणि जुवारी या दोन खाड्यांना जोडणारा हा पंधराएक किलोमीटरचा नैसर्गिक फाटा. याच्यामुळेच तिसवाडी हे बेट आहे. नाहीतर पणजीकरांना आपण बेटावर राहतो याचा पत्ता कधी लागला असता? नकाशात तो कॅनल, २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात तो नदी, जलमार्ग क्रमांक २७. (मांडवीचा क्रमांक ६८ आणि जुवारीचा १११. आमच्या धाकट्याला थोरलीच्या आधीचा नंबर मिळाला, याचा मला उगाच आनंद आहे.) भाऊंना विचारले तर ते नुसते "न्हंय" म्हणतात, म्हणजे नदी.

आणि ही न्हंय सरहद्द होती. इकडे पोर्तुगीज, पलीकडे अंत्रुज, म्हणजे आजचे फोंडे. १५१२ मध्ये आल्बुकर्कने बाणस्तारीचा किल्ला घेतला तो या वाटेवर पहारा ठेवायलाच. अंत्रुज महाल पोर्तुगिजांच्या हाती गेला तो थेट अठराव्या शतकात. मधली अडीचशे वर्षे पोर्तुगिजांच्या धाकाने देव आणि माणसे पाणी ओलांडून जात राहिली, कुणी मांडवी, कुणी जुवारी, कुणी हेच. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आला. चोडणची देवकीकृष्ण आणि कुंभारजुव्याची शांतादुर्गा आमच्या माशेलात आल्या. शांतादुर्गेला तर अजून कुंभारजुवेकरीणच म्हणतात. चारशे वर्षे माशेलात राहूनही तिचे आडनाव बदललेले नाही. लहानपणी मला वाटायचे की देव रथातून आले असतील. ते होडीतून आले असणार, रात्रीचे, कापडात गुंडाळलेले, आणि वल्हवणाऱ्याने भरती-ओहोटी पाहूनच वेळ ठरवली असणार.

बाणस्तारीचा पूल साडेआठच्या सुमाराला आला. मी याची वाट पाहत होते. खालून तो अगदी सामान्य दिसतो, काळवंडलेले काँक्रीट, खांबांना शिंपल्यातली कालवे चिकटलेली. वरून एक बस गेली तर आधी खांबातून हुं असा आवाज आला आणि मग पाण्यावर बारीक शहारा उठला. बसमध्ये हे कधी कळत नाही. मी वर बघत राहिले, कुणी खिडकीतून खाली बघते का म्हणून. कठड्यामुळे माणसे दिसलीच नाहीत.

पुलानंतर घरे संपतात आणि खारफुटी दोन्हीकडून जवळ येते. भाऊंनी इंजिन बंद केले आणि होडी काठाला नेली, मला एक पान तोडून दिले. तिवराचे. म्हणाले, चाट. मी चाटले. खारट, म्हणजे बोटाने मीठ चाटावे तितके खारट. हे झाड खारे पाणी पिते आणि नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. उन्हात धरले तर बारीक कण चमकत होते. शेजारी कांदळ, त्याची मुळे फांद्यांवरून कमानीसारखी खाली उतरलेली, आणि त्याला शेवग्यासारख्या हिरव्या शेंगा लटकलेल्या. त्या शेंगा नव्हेतच, ती रोपे. बी झाडावरच रुजते आणि तयार रोप खाली चिखलात सुरीसारखे घुसते. मुलीला पूर्ण शिकवून, नोकरीला लावून मग घराबाहेर काढणाऱ्या आमच्या पिढीच्या आयांना हे झाड आवडायला हरकत नाही.

मगर दिसली ती नवऱ्याला. म्हणजे त्याने ओंडका दाखवला आणि भाऊ म्हणाले की ओंडक्याला दात नसतात. चिखलाच्या उतारावर ती आडवी, आमच्या ओट्याएवढी लांब, तोंड उघडे. रागाने नाही, ऊन खाताना त्या तोंड असे उघडे ठेवतात, अंग फार तापू नये म्हणून. ही मगर मुळात गोड्या पाण्याची जात. नद्या, तळी, धरणे अशा ठिकाणी राहायची. इथे ती या निमखाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. पिवळट पांढरे तोंड आणि त्याच्या आत काहीही हलत नव्हते. मी पाच मिनिटे पाहिले. एक माशी तिच्या खालच्या ओठावर चालत होती. मगरीने काही केले नाही. माशीनेही घाई केली नाही.

दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला मांगेथापणी करतात, चिखलाची मगर करून तिला शिंपल्यांनी सजवतात आणि पुजतात. बांध राखणारी म्हणून. ज्याच्या भातात खारे पाणी घुसायची भीती आहे त्याने पाण्यातल्या सर्वांत बलवान प्राण्याशी संबंध चांगले ठेवावेत, हे मला अगदी सरकारी खात्यात नोकरी केल्यासारखे पटते.

आता अपघात. दहाच्या सुमारास आम्ही मंडूरच्या बाजूच्या एका आडव्या ओढ्यात शिरलो, कारण मला मानस, म्हणजे शेताच्या बांधातले पाण्याचे दार, बघायची होती. भाऊ म्हणाले होते की आत जायचे तर लवकर परतायला हवे. मी म्हटले, पाचच मिनिटे. त्या पाच मिनिटांची पंधरा झाली आणि परत फिरताना होडी एकदम मऊसर थांबली. धक्का नाही, आवाज नाही, सोफ्यावर बसल्यासारखी. भाऊंनी वल्ह्याने रेटले. वल्हे कोपरापर्यंत आत गेले. मग ते खाली बसले आणि त्यांनी विडी काढली.

"आता?" नवरा.

"आतां कांय ना. ओहोटी साडेइकराक सोंपतली. मागीर भरती. एक वाजता सुटतलों."

तीन तास! नवऱ्याने मोबाइल काढला. रेंज एक काडी. मग तो म्हणाला की गुडघाभर तर चिखल आहे, मी उतरून ढकलतो. भाऊंनी विडी न काढता काठाकडे हनुवटी केली, जिथून आम्ही मगर पाहून आलो होतो. "देंवता जाल्यार देंवात. पूण पयलीं तिका विचारात." उतरायचे तर उतरा, पण आधी तिला विचारा.

नवरा बसला.

माझ्या आयुष्यात असे तीन तास फार वेळा आलेले नाहीत. करण्यासारखे काहीच नाही आणि त्याबद्दल कुणी दोषही देऊ शकत नाही. नवरा पहिला पाऊण तास दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होता, मग त्याने घड्याळ काढून खिशात टाकले, मग तो झोपला. पाणी खाली जात राहिले. काठाचा चिखल वरून करडा, मग तपकिरी, मग चकचकीत काळा होत गेला आणि त्यात हजारो भोके दिसायला लागली. प्रत्येक भोकातून एकेक लहानसा खेकडा बाहेर आला. नरांचा एक पंजा भलामोठा, दुसरा इवलासा, आणि तो मोठा पंजा सगळे एकाच वेळी वरखाली हलवत होते, जणू कुणीतरी "हजर" म्हणायला सांगितले आहे. मी खोकले की सगळे आत. मोजून वीस श्वास, की पुन्हा बाहेर.

अकरा वाजता आम्ही पेज खाल्ली. भाऊंनी त्यांच्या पिशवीतून चपटा पाव काढला होता, तो परत ठेवला आणि डब्याचे झाकण पुढे केले. होडीच्या फळीवर पाय पसरून, झाकणात गार पेज, तिच्यात मिसकुटाचे तेल पसरलेले आणि बोटांना सुक्या बांगड्याचा वास. नवऱ्याने तीन वेळा मागून खाल्ली. सँडविचचा विषय निघाला नाही.

आणि मानस. ती आमच्यापासून तीसेक हातांवर होती, त्यामुळे तिची ओळख अगदी निवांत झाली. खाजन शेतीचा सगळा खेळ या दारावर चालतो. बाहेर खारे पाणी, आत भातशेती, मधे मातीचा बांध आणि बांधात हे लाकडी दार. दगडी चौकट, तिच्यात जाड फळ्यांच्या झडपा, वरून बिजागरीवर टांगल्यासारख्या. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. कुणी उघडत नाही, कुणी लावत नाही. भाची म्हणाली होती की लॉक आले की लोखंडी हँडल घेऊन उतरावे लागते, दातेरी चाकावरून झडप वर चढवायची, पाठीने दाराचा दांडा रेटायचा, घाम निघतो. इथे एक माणूस बांधावर पोत्यावर बसून होता, दाराशी जाळे लावून. आतल्या पाण्याबरोबर बाहेर येणारी सुंगटां, म्हणजे कोळंबी, आणि शेवटे मासे त्यात अडकतात. मासेमारीच्या या हक्काचा लिलाव होतो. काही ठिकाणी त्याचा पैसा एवढा वाढला की लोक भात विसरून मुद्दाम खारे पाणी आत घेतात आणि मग शेते खाऱ्याने जातात. बांधावरच्या त्या माणसाला मी हे विचारायचा विचार केला आणि सोडून दिला. होडी चिखलात रुतलेल्या बाईने दुसऱ्याला शेतीवर प्रश्न विचारू नयेत.

साडेअकराला सगळे थांबले. खरेच थांबले. दारातून वाहणारे पाणी बारीक होत होत थेंबावर आले. पाण्यावर तरंगणारे एक पिवळे पान बराच वेळ जागच्या जागी होते. मग ते आमच्याकडे सरकायला लागले, आधी इतके हळू की मला वाटले मी डोळे हलवले. भाऊ डोळे मिटून म्हणाले, "लागली, बाय." त्यांनी पान पाहिलेले नव्हते.

पुढे दहा-बारा मिनिटांनी मानसीचे दार बंद झाले. मी त्याच्याकडेच पाहत होते. आधी फळी जराशी थरथरली, मग परत सैल, मग पुन्हा. आणि एकदम ठप्प. ओल्या लाकडाचा जड आवाज, जुन्या वाड्याचे दार कुणी आतून ओढून घ्यावे तसा. नवरा दचकून जागा झाला. पोत्यावरचा माणूस उठला, जाळे गोळा केले आणि आमच्याकडे न बघता निघून गेला.

होडी एकला दहा मिनिटे असताना सुटली. भाऊंचे गणित दहा मिनिटांनी चुकले आणि त्याबद्दल त्यांनी माफी मागितली, म्हणजे खांदे उडवले.

जुवारी राहिलीच. अजून पाचेक किलोमीटर पुढे जायचे होते, डोंगरीच्या बाजूने, जिथे हे पाणी रुंद जुवारीत उघडते. पण पेट्रोल बेताचे होते आणि नवऱ्याचे नाक लाल झाले होते. भाऊ म्हणाले की भरती दोन्ही नद्यांतून आत येते आणि मधे कुठेतरी दोन्ही पाण्यांची गाठ पडते. ती जागा रोज थोडी सरकते, पण त्यांना ती होडीच्या चालीवरून कळते. आम्ही ती ओलांडली तेव्हा त्यांनी मला हात वर करून दाखवले. मला काहीही वेगळे वाटले नाही. मी तरी मान डोलावली.

चार वाजता धक्क्यावर. माझ्या सलवारीला पोटरीपर्यंत काळा चिखल, जो तीन वेळा धुऊनही पूर्ण गेलेला नाही. भाऊंना ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले, चिखलातल्या तीन तासांचे म्हणून. ते त्यांनी घेतले नाहीत. ते तीन तास पाण्याचे, माझे नव्हेत, असे काहीसे म्हणाले. मी भाचीला मगरीचा फोटो पाठवला, तिचा लगेच प्रश्न आला, लॉक किती लागले? मी लिहिले, एकच, आणि ते आपले आपण लागले.

घरी आल्यावर लक्षात आले की पेजेचा डबा होडीतच राहिला. गुरुवारी संध्याकाळी बाणस्तारीच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी पाठीवर बोट टोचले. भाऊ. डबा स्वच्छ घासलेला, झाकण घट्ट लावलेले, आणि जड. बसमध्ये बसल्यावर मी झाकण जरा उघडून पाहिले. तळाशी दोन बोटे खारे पाणी आणि त्यात मूठमूठ भरून खुबे, जिवंत शिंपले. पूल आला तेव्हा त्यातला एक हळूच तोंड उघडत होता.